राजवाड्याच्या छपरावर पडलेला पतंग

सुवर्णभूमी देशात, एका मोठ्या नदीच्या वळणावर, रम्मपुरी नावाचे नगर होते. तिथे राजा चंदसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने अमात्यांच्या कुळात जन्म घेतला होता, आणि मोठेपणी तो स्वतःही राजाचा अमात्य झाला होता. त्याचे नाव सोत्थिसेन. वर्षभर तो न्यायनिवाडे करी, कालव्यांची कामे पाही आणि कोणाला चुकूनही टाकून बोलत नसे. पण भाताची कापणी उरकून शेते मोकळी झाली आणि दक्षिणेकडून पतंगवारा सुटला, की या शहाण्या माणसाचे कशातच लक्ष लागत नसे. दरबारात फिर्यादी आपले गाऱ्हाणे सांगत असे आणि अमात्यांची नजर खिडकीबाहेर झाडांच्या हलत्या शेंड्यांवर असे. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झाले, पतंग तो पतंगच!

त्या देशात पतंग म्हणजे काही पोराटोरांचा उद्योग नव्हता. तिथे पतंगांचे युद्ध चाले. मैदानाच्या मधोमध एक दोरी आडवी बांधत. वाऱ्याच्या बाजूच्या अर्ध्या भागातून चढायचा तो चुला, पुरुषभर उंचीचा, पाच टोकांचा, दांडगा पतंग. त्याच्या दोऱ्याला बांबूचे आकडे लावलेले असत आणि तो ओढायला धावणारे गडी लागत. पलीकडच्या भागात असे पाकपाओ, चिमुकली, चौकोनी, लांब शेपटाची पतंगीण. तिच्या दोऱ्याखाली एक फास लोंबत असे. चुलाने आकड्यात अडकवून तिला दोरीच्या अलीकडे ओढून आणली, की चुला जिंकला. उलट तिचा फास गळ्यात घेऊन चुला खाली आला, की पाकपाओ जिंकली. आणि तो चुलाही त्या क्षणापासून तिच्याच धन्याच्या मालकीचा होई.

राजाच्या बाजूचा चुला बोधिसत्त्व उडवी. समोरची पाकपाओ असे बुप्पाची. बुप्पा ही नदीकाठच्या वस्तीतली विणकरीण. मागावर चालणारी तिची बोटे दोऱ्यावरही तशीच चालत. सलग तीन वर्षे तिने अमात्यांचा चुला खाली आणला होता आणि घरी नेऊन ओसरीवर टांगला होता. बोधिसत्त्वाला हे लागले होते. म्हणून यंदा त्याने बांबू स्वतः बेटात जाऊन निवडला, नदीत भिजवला, सावलीत वाळवला आणि कामट्या तासताना जेवणखाणसुद्धा विसरला. राजाची तर गोष्टच सोडा. "सोत्थिसेन, यंदा हरलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही," असे तो रोज एकदा तरी बजावीत असे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच सांभाळावी लागे. मैदानाच्या पूर्वेला राजवाडा होता. राजाच्या आजोबांच्या काळी शत्रूने पतंगाला विस्तव बांधून तो राजवाड्यावर सोडला होता, आणि चिडून आजोबांनी कायदाच केला होता: ज्याचा पतंग राजवाड्याच्या छपरावर पडेल, त्याचा उजवा हात तोडावा. आता शत्रू नव्हता, विस्तवही नव्हता. कायदा तेवढा होता. पतंगवारा सरळ दक्षिणेचा, त्यामुळे पतंग तिकडे सहसा जात नसत आणि लोकही त्याचा फारसा विचार करीत नसत.

युद्धाचा दिवस उजाडला. काय गर्दी लोटली होती म्हणून सांगू! नावा भरभरून माणसे आली. वाजंत्री ढोल आणि सनया घेऊन बसले. राजा आसनावर बसला खरा, पण बसला तो नावालाच.

बोधिसत्त्वाचा चुला चढला आणि मैदानभर एकच आरोळी उठली. असा डौल कोणी पाहिला नव्हता! तो डावीकडे झुके, उजवीकडे झुके, आणि दोरीपलीकडे जाऊन पाकपाओच्या डोक्यावर घिरट्या घालू लागला. बुप्पाची पाकपाओ खट्याळ. शेपूट हलवीत ती त्याच्या अगदी नाकासमोर येई आणि आकडा लागणार इतक्यात सर्रकन बाजूला होई. ढोल घाईने वाजू लागले.

"अमात्य, दमलात का?" दोरीपलीकडून बुप्पा ओरडली.

"बुप्पाताई, आज ओसरीवर जागा करू नका!" बोधिसत्त्व ओरडून म्हणाला आणि लोक खो खो हसले.

आणि मग तो क्षण आला. पाकपाओने फास टाकला आणि तो चुलाच्या गळ्यात बसलाही. पण त्याच दमात चुलाने गिरकी घेतली आणि आकडा तिच्या अंगात रुतला. दोघे एकमेकांत अडकले. आता ज्याचा जोर, त्याचा खेळ! "ओढा!" बोधिसत्त्व गरजला. गडी दोरा खांद्यावर घेऊन दक्षिणेकडे धावत सुटले. पाकपाओचा कागद फाटू लागला. राजा आसनावर चढून उभा राहिला, त्याचा मुकुट एका कानावर आला, आणि तो हात हलवून हलवून ओरडत होता, "ओढ, सोत्थिसेन, ओढ!"

तेवढ्यात वारा फिरला. पश्चिमेकडून एक मोठा झोत आला आणि अडकलेले दोन्ही पतंग पूर्वेला ढकलले गेले, थेट राजवाड्याच्या छपराच्या वर आकाशात. गर्दीला त्याचे काहीच नव्हते, सगळे नाचत होते. बोधिसत्त्वाने बुप्पाकडे पाहिले. ती पतंगाकडे बघत नव्हती. ती छपराकडे बघत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

त्याने वर पाहिले आणि त्याला सगळे कळून चुकले. फाटलेली पाकपाओ आणखी एक हिसकाही सोसणार नव्हती. ओढले, की तिचा दोरा तुटणार आणि ती खालच्या छपरावर पडणार. आणि हात जाणार तो मागावर चालणारा. खोटे कशाला सांगू, क्षणभर त्याच्या मनात आलेच, की ओढू या, कदाचित ती पलीकडे अंगणात पडेल. तीन वर्षांची हार होती, आणि विजय हाताच्या अंतरावर होता.

"ढील द्या!" तो ओरडला.

गड्यांना वाटले, आपण चुकीचे ऐकले. ते ओढतच राहिले. तेव्हा बोधिसत्त्व धावत गेला, त्याने दोरा त्यांच्या खांद्यावरून हिसकून घेतला आणि सैल सोडून दिला. दोरा सरसर पळाला, त्याचे तळवे सोलून निघाले. वर चुला डगमगला, मान खाली घालून गोता खाऊ लागला आणि आकडा सुटला. पाकपाओ मोकळी झाली, तिचा फास तेवढा तुटून चुलाच्या गळ्यात राहिला. बुप्पाने भराभर दोरा गुंडाळून तिला मैदानात उतरवली. चुला मात्र धाडकन राजवाड्याच्या छपरावर आदळला.

ढोल थांबले.

राजा खाली उतरून आला. रागाने आणि भीतीने तो ओरडला, "हे तू मुद्दाम केलंस?"

"हो, महाराज."

"का?"

"नाहीतर बुप्पाताईंची पाकपाओ पडली असती."

"मग पडू द्यायची होती! कायदा तिला लागला असता!"

"तोच कायदा आता मला लागला, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला आणि त्याने सोललेला उजवा हात पुढे केला.

इतक्यात दोरीखालून वाकून बुप्पा आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. "महाराज, हात माझा तोडा. तो पतंग माझा आहे."

"बुप्पाताई, काहीतरीच काय बोलता?" बोधिसत्त्व म्हणाला. "बांबू मी तोडला, कागद मी चिकटवला."

"असेल. पण त्याच्या गळ्यात फास कोणाचा आहे? फास गळ्यात घेऊन खाली आला तो चुला पाकपाओवाल्यांचा. तीन वर्षं मी असेच नेले, तेव्हा तुम्ही नाही भांडलात! आज बरे भांडता!"

"तो मी दोरा सोडल्यामुळे पडला. तुमच्या फासाने नव्हे."

"आज मी जिंकलेय, अमात्य. माझा विजय मला द्या!"

अशी त्यांची चांगलीच जुंपली. आपला हात जावा म्हणून दोन माणसे तावातावाने भांडत होती आणि तलवार घेऊन आलेला शिपाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. राजाही पाहत होता. पाहता पाहता त्याचा राग ओसरला आणि त्याला स्वतःचा बसलेला घसा जाणवला.

"ओढ, ओढ म्हणून कोण ओरडत होतं?" त्याने विचारले.

उत्तरही त्यानेच दिले.

"मी ओरडत होतो. पतंग छपराच्या वर गेलेले मलाही दिसले होते, सोत्थिसेन. मला वाटलं, तिचं काय व्हायचं ते होवो, आपण जिंकू." राजाने आपला उजवा हात वर करून शिपायाला दाखवला. "पतंगाच्या धन्याचा हात तोडायचा, तर हा घे. त्या पतंगाला इथवर हाकणारा हात हाच."

शिपायाने तलवार खाली टाकली आणि तो तिथेच रडू लागला. मग राजाही रडला, बुप्पाही रडली, आणि कोणीतरी न राहवून ढोलावर थाप मारली. त्याच मैदानावर आजोबांचा कायदा रद्द झाला. पुढल्या वर्षी राजा स्वतः गड्यांमध्ये दोरा खांद्यावर घेऊन धावला, घसरून तोंडावर पडला, सपशेल हरला आणि अख्ख्या नगरात सर्वांत जास्त तोच हसला.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षुसंघाकडे पाहिले आणि कोण कोण होते ते उलगडले: "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा चंदसेन म्हणजे आज सकाळच्या वादात सोबत्याला निरुत्तर करून अजून गालात हसत बसलेला हा भिक्षू. बुप्पा म्हणजे हरूनही मघाशी त्याचे भिक्षापात्र धुऊन ठेवणारा त्याचा तोच सोबती. आणि दोरा सोडणारा अमात्य सोत्थिसेन मी होतो. जिंकता येत असतानाही दुसऱ्याचा हात वाचवावासा वाटतो, त्या गुणाला करुणा म्हणतात."

तो भिक्षू हसायचा थांबला. तो उठला, आपल्या सोबत्याजवळ जाऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "पात्र मी धुवायला हवं होतं."