रुसलेली बाटली

बाटल्या बोलायच्या त्या काळी, द्राक्षमळ्याखालच्या तळघरात एक बाटली फार तणतणायची. आतली वाइन फेसाळू लागली की गिरजाकाकू, सासूने घालून दिलेल्या रीतीने, भोकं पाडलेल्या फळीत उलट्या ठेवलेल्या बाटल्या रोज जराशा फिरवायच्या. गाळ हळूहळू तोंडाशी उतरायचा.

"रोज रोज माझे कान काय पिळता!" म्हणत ती बाटली फळीच्या भोकात घट्ट रुतून बसली. काकूंनी बळजबरी केली नाही.

गाळ काढायच्या दिवशी शेजारणींची बुचं फस्सकन उडाली, गाळ बाहेर पडला, वाइन लख्ख झाली. हिला काकूंनी दिव्यासमोर धरलं, तर गढूळच! 'आता मला फेकणार,' बाटलीला वाटलं.

काकूंनी तिला पदराने पुसलं. "रुसली होतीस होय गं? चल, पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी काकूंचा हात पोचण्याआधीच बाटली आपणहून जराशी वळली.