न जुळलेला ठसा

"मग किल्ली मला कधी देणार, अक्का?"

वेणूअक्का ओटीवर डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा श्रीरंग. अक्कांकडे शिकायला येऊन त्याला वर्ष होत आले होते आणि आता शिकायचे काही उरले नाही, अशी त्याची खात्री पटली होती. अक्कांच्या घराला मठ म्हणायचे, ही कल्पनाही त्याचीच.

किल्ली म्हणजे साधा पेनड्राइव्ह. तो लावल्याशिवाय अक्कांच्या भांडारात कसलाही बदल होत नसे. भांडार फुकट प्रोग्रॅमचे. गावोगावच्या शाळा आणि दवाखाने तिथूनच प्रोग्रॅम घेत. प्रत्येक प्रोग्रॅमची एक मॅनिफेस्ट फाईल असे: नाव काय, आवृत्ती कितवी, कुठून उतरवायचा आणि ठसा कोणता. ठसा म्हणजे प्रोग्रॅमवरूनच काढलेली अक्षरांची ओळ. प्रोग्रॅममध्ये कुणी एक टिंब जरी इकडचे तिकडे केले, तरी ठसा जुळत नाही आणि दवाखान्यातला कॉम्प्युटर तो घेत नाही.

या फायली अक्का हाताने सांभाळत. श्रीरंगने ते काम करणारे टूल लिहिले होते.

"तुमचा अख्खा आठवडा जातो, अक्का. माझं टूल चहा निवायच्या आत सगळ्या मॅनिफेस्ट ताज्या करतं."

"ठसा जुळला नाही तर?"

"तुमच्यासारखं अडून बसत नाही. नवा ठसा काढतं, लिहितं, पुढे जातं."

"कशाचा ठसा?"

"जी फाईल आली तिचा. आणखी कशाचा?"

अक्कांनी एक न भिजलेला दाणा बाजूला टाकला.

मग पदराला हात पुसून त्यांनी लॅपटॉप ओढला. सरावासाठी भांडाराची एक वेगळी प्रत होती, ती उघडली. तिथे काहीतरी केले आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

"आता चालव."

टूल चालले. पडद्यावर हिरव्या ओळी भराभर उतरल्या. एक ओळ क्षणभर थबकली: ठसा जुळत नाही. लगेच पुढची आली: दुरुस्त केला. सर्व ठीक.

"बघितलंत!" श्रीरंग खूश झाला. "काय बदललं होतं तुम्ही?"

"औषधांचा साठा सांभाळणारा प्रोग्रॅम आहे ना, तो उघड."

त्याने उघडला. प्रोग्रॅम नव्हताच. त्या जागी परसातल्या दुधी भोपळ्याचा फोटो होता. भोपळा चांगला लांबलचक होता.

श्रीरंगचे कान लाल झाले.

"हा तुम्ही मुद्दाम ठेवलात. बाहेरचं कोण कशाला असं करेल?"

अक्का त्याच्याकडे पाहत राहिल्या.

भोपळ्याच्या जागी कुणी मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅमही येऊ शकतो आणि तो थेट दवाखान्यात पोचेल, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. आले तेव्हा त्याला खरोखरीची भीती वाटली.

"बदलतो मी," तो हळूच म्हणाला. "जुळलं नाही की टूल थांबेल. मला विचारेल."

"रोज विचारेल."

"विचारू दे."

"आणि तू?"

"आधी नीट बघेन. ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला त्यांना विचारेन. मगच हो म्हणेन."

"आणि सहा महिन्यांनी?"

अंगणात वाळत घातलेल्या गोधडीवर एक चिमणी उतरली, उडून गेली.

"सहा महिन्यांनी… कंटाळेन. न बघताच हो, हो म्हणत सुटेन. मी स्वतःला ओळखतो."

अक्का उठल्या. आत जाऊन आल्या आणि पेनड्राइव्ह त्याच्या तळहातावर ठेवला.

श्रीरंग त्याच्याकडे बघत बसला. याच्यासाठी त्याने वर्षभर अक्कांचे डोके खाल्ले होते. त्याने हात पुढे केला, पेनड्राइव्ह परत देण्यासाठी.

"नको, अक्का. इतक्यात नको."

अक्कांनी त्याची मूठ मिटली.

"नाही म्हणता येतं तुला. ठेव."