दोर वळणाऱ्याचा तिळ्या

वेणुवती नगरीवर वज्रनाभ राजाची सत्ता होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व एका दोर वळणाऱ्याच्या घरी जन्माला आला होता आणि वाडवडिलांचाच धंदा करीत होता. नदीकाठच्या माळावर दोर वळण्यासाठी त्याची शंभर हात लांब वाट होती. वाटेच्या एका टोकाला त्याची बायको सामा फिरकी फिरवीत बसे. बोधिसत्त्व कमरेला अंबाडीचा वाख गुंडाळून, चिमटीने तंतू सोडत, तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत जाई. बाकीचे लोक पोटासाठी पुढे धावतात, दोर वळणाऱ्याला मागे चालावे लागते.

त्याच्या मागे दोन पावलांवर त्याचा कुत्रा तिळ्या असे. अंगभर तीळ सांडल्यासारखे ठिपके, एक कान उभा, दुसरा पडका. रूपाच्या नावाने शंखच. पण वाटेत दगड असला, शेळी आडवी बसली असली, गाडी येत असली, की तो धन्याच्या पोटरीला नाक टेकवी. नाक टेकले की थांबायचे, नाक निघाले की चालायचे. सात वर्षांत बोधिसत्त्वाने एकदाही मागे वळून पाहिले नव्हते आणि एकदाही तो पडला नव्हता.

आता राजाचे ऐका. पंधरा वर्षांपूर्वी वज्रनाभाच्या चुलत्याला त्याच्याच अंगरक्षकाने पाठीत कट्यार खुपसून मारले होते. तेव्हापासून वज्रनाभाने कोणाकडे पाठ म्हणून केली नाही. सिंहासन भिंतीला टेकलेले, जेवणाचा पाट भिंतीला टेकलेला, आणि दाढी करायला न्हावी आला तर तीही भिंतीला टेकूनच. त्याच्या श्वानशाळेत चाळीस कुत्रे होते. प्रत्येकाला रुप्याचे ताट, प्रत्येकाला एक चाकर आणि सगळ्यांवर भद्दक नावाचा श्वानाध्यक्ष. राजा आला की चाकर साखळ्यांना हिसका देत आणि चाळीस कुत्रे एकदम उभे राहत. कुत्रे पाळण्याचे सुख म्हणतात ते हेच, असे राजाला वाटे. बिचाऱ्याला दुसरे ठाऊकच नव्हते.

एके दिवशी सकाळी राजा हत्तीवरून नदीकाठाने चालला होता. माळावर एक माणूस उलट्या पावलांनी झपाझप जात होता, तोंडाने काहीतरी गुणगुणत होता आणि त्याच्या पाठीमागे एक ठिपक्यांचा कुत्रा डुलत चालला होता. वाट संपली तसा कुत्र्याने वाखाचा एक पुंजका तोंडात धरला आणि धूम ठोकली. बाई फिरकी टाकून त्याच्या मागे धावली. कुत्रा हाती लागतो लागतो आणि निसटतो. शेवटी बाईने त्याला गाठले, तर तो चारी पाय वर करून धुळीत लोळू लागला. नवरा-बायको पोट धरून हसत होते.

राजाने हत्ती थांबवला. "काय रे, तू मागे बघत का नाहीस?"

"तिळ्या बघतो की, महाराज," बोधिसत्त्व हात जोडून म्हणाला. "दोघांनी एकच काम कशाला करायचं?"

राजा महालात परतला, पण ते हसणे त्याच्या कानांतून जाईना. चाळीस कुत्र्यांच्या धन्याला एका दोरवाल्याचा हेवा वाटला. दुसऱ्याच दिवशी शिपाई माळावर आले आणि राजाज्ञा म्हणून तिळ्याला घेऊन गेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा.

पण बीळ मिळाले म्हणून सुख मिळते थोडेच! तिळ्या महालाच्या दाराशी साखळीला बांधलेला, नाक दाराच्या फटीत घालून पडून राहिला. रुप्याच्या ताटातले मांस माशा खात होत्या. पाच दिवसांत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

"महाराज, ही करणी आहे," भद्दक म्हणाला. "दोरवाल्यानं कुत्र्याला बांधून ठेवलंय. त्याला हद्दपार करा, आपोआप गाठ सुटेल."

राजाने बोधिसत्त्वाला अंगणात बोलावले. "पंधरा दिवस देतो. हा कुत्रा मला पाहून शेपूट हलवू लागला, तर राजवाड्याला लागणारे सगळे दोर तुझ्याकडून घेईन. नाही हलवलं, तर बायकोला घे आणि राज्याबाहेर चालता हो. कुत्रा मात्र दोन्ही वेळा माझाच."

बोधिसत्त्वाने घरी येऊन सामेला सारे सांगितले. ती फिरकीवर हात आपटून म्हणाली, "खरं शिकवूच नका तुम्ही! असंतसं काहीतरी सांगा. पंधरा दिवसांत कंटाळतील आणि देतील हाकलून, त्यालाही आणि आपल्यालाही. दुसऱ्या राज्यात काय माळ नाहीत? तिघं मिळून जाऊ."

बोधिसत्त्वाला हे पटण्यासारखे होते. तिळ्यावाचून त्याला घास गोड लागत नव्हता. त्या पाच दिवसांत तो वाटेवर चार वेळा पडला होता आणि त्याची टाच फुटली होती. तरी तो म्हणाला, "सामे, तो माणूस भिंतीला पाठ लावून जेवतो गं. आपलं एक कुत्रं गेलं तर आपण असे झालो. त्याच्याजवळ तर कधी कुणी नव्हतंच. शिकवायचं तर नीट शिकवीन."

सामा रडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या.

बोधिसत्त्वाला पाहताच तिळ्याने असा काही गोंधळ घातला की साखळीच तुटायची. तो कण्हला, नाचला, धन्याचे तोंड चाटून चाटून ओले केले. बोधिसत्त्वाने त्याला पोटभर कुरवाळले, मग राजाला म्हणाला, "महाराज, ही साखळी काढा. ताट बाजूला ठेवा. इथं खाली बसा, ही भाकरी ताकात कुस्करा आणि तुमच्या हातानं द्या."

"माझ्या हातानं? चाकर कशाला आहेत?"

"चाकरानं दिली तर शेपूट चाकरापुढं हलेल, महाराज. त्यात कुत्र्याचा काय दोष?"

राजा कुरकुरत खाली बसला. जन्मात प्रथमच त्याच्या बोटांना ताक लागले. तिळ्याने धन्याकडे पाहिले. "खा रे बाळा," बोधिसत्त्व म्हणाला, तेव्हा कुठे त्याने राजाच्या तळहातावरचा घास घेतला. त्याच्या जिभेने राजाला गुदगुल्या झाल्या आणि राजा दचकला.

रोज बोधिसत्त्व थोडा थोडा लांब उभा राहू लागला. राजाने तिळ्याच्या कानातले गोचीड काढायला शिकून घेतले. सुरुवातीला त्याला किळस आली, मग त्याला ते काम इतके आवडले की मंत्री ताटकळत राहिले तरी तो उठेना. कुठे खाजवले म्हणजे तिळ्याचा मागचा पाय आपोआप हलतो, हे त्याला कळले आणि ते त्याने सेनापतीला बोलावून दाखवले. पण तिळ्या अजून राजाच्या मागून चालत नव्हता. खाई, बसे आणि दाराकडे बघत राही.

"आता त्याच्याकडे पाठ करा, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला, "आणि उलटं चालत या."

भद्दकाने जीभ चावली. राजाचा चेहरा पांढरा पडला. "वेडा आहेस का? मी कोणाकडे पाठ करत नाही."

"म्हणूनच सांगतो. मी दिवसभर त्याला पाठ देतो, तो दिवसभर ती राखतो. आमचं सगळं देणं-घेणं एवढंच. दुसरी करणी नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. राजा पाठ फिरवायला तयार झाला, पण दर पावलाला मान वळवून मागे पाहू लागला. मुकुट तिरपा झाला, धोतराचा काचा सुटला, दासी पदर तोंडात धरून पळाल्या. तिळ्या जागचा हलला नाही.

"तुम्हीच बघताय, मग त्याला काय काम उरलं?" बोधिसत्त्व म्हणाला.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी राजाने डोळे मिटले, मूठ आवळली आणि तो मागे चालू लागला. दहा पावले, वीस पावले. मागे नखांची टपटप ऐकू आली. त्याने मान वळवली नाही. एकाएकी पोटरीला गार आणि ओले असे काहीतरी टेकले. राजा थांबला. बोधिसत्त्वाने सांगितल्यावर त्याने मागे पाहिले, तर टाचेपासून वीतभर अंतरावर हत्तींच्या हौदाची कड होती.

वज्रनाभ राजा तिथेच मातीत बसला आणि मोठ्याने हसू लागला. तिळ्याने त्याच्या छातीवर पाय ठेवून त्याचा मुकुट पाडला आणि एक कुंडल चाटून पाहिले. राजा हसता हसता रडला, आणि ते कोणापासून लपवले नाही.

पुढचे दिवस सुखाचे गेले. राजा न्याय करून थकून आला की तिळ्या त्याच्याभोवती अशा फेऱ्या मारी, जणू राजा दिग्विजय करून आला आहे. राजा जेवायला बसला की तिळ्या त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवी. पाय लांब केले की पावलांवर येऊन पडे, आणि त्याच्या अंगाच्या उबेने पाय बधिर झाले तरी राजा ते काढून घेत नसे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा राजाने अंगणाच्या मध्यभागी बसून दाढी केली. सुखाला फार काही लागत नाही, हे त्याला त्या दिवसांत समजले.

पंधराव्या दिवशी भर दरबारात परीक्षा झाली. राजा आत आला आणि तिळ्या बाणासारखा धावत त्याच्याकडे गेला. शेपटीबरोबर सारे अंग हलत होते. लोकांनी जयजयकार केला. राजा बोधिसत्त्वाला म्हणाला, "दोरवाल्या, तू शब्द राखलास. आजपासून राजवाड्याचे सगळे दोर तुझे." तिळ्या राजाच्या पायाशी बसला होता. बोधिसत्त्वाने त्याच्याकडे एकदा डोळे भरून पाहिले, राजाला वंदन केले आणि तो जायला निघाला.

राजासमोरून जाताना राजाकडे पाठ करायची नाही, अशी दरबाराची रीत. आजवर राजाने शिकवण घेतली ती अंगणात, तिथे रीतभात नव्हती. आज बोधिसत्त्व सर्वांसारखा राजाकडे तोंड करून, हात जोडून, उलट्या पावलांनी दाराकडे जाऊ लागला.

तिळ्याने मान वर केली. मग तो उठला. कोणी त्याला हाक मारली नव्हती. दरबाराच्या मधून चालत तो बोधिसत्त्वाच्या मागे गेला आणि दोन पावलांवर चालू लागला. उंबरठा आला तेव्हा त्याने पोटरीला नाक टेकवले. बोधिसत्त्व थांबला. त्याचे डोळे वाहू लागले, पण राजाज्ञा आठवून त्याने कुत्र्याला हात लावला नाही.

भद्दक साखळी घेऊन धावला. "थांब!" राजा ओरडला. तो सिंहासनावरून उतरला आणि सगळ्या दरबाराकडे पाठ करून दारापर्यंत चालत गेला. "तुझ्या टाचेला काय झालं?"

"पडलो, महाराज. होईल सवय."

"इतके दिवस तुझी पाठ कोण राखत होतं?"

बोधिसत्त्वाने तिळ्याकडे पाहिले.

राजा बराच वेळ तिळ्याचे डोके कुरवाळत राहिला. मग म्हणाला, "कुत्रा म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, तोवर तुझा कुत्रा मी खुशाल ठेवून घेतला असता. आता कळलंय, तर ठेवता येत नाही. घेऊन जा. दोर मात्र तुझेच लागतील."

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाला, "तुमच्याकडे चाळीस आहेत. साखळ्या काढून बघा."

त्याच दिवशी दुपारी राजा एकटाच श्वानशाळेत गेला. सगळ्यांत कोपऱ्यात एक म्हातारी कुत्री होती, जी आता शिकारीच्या कामाची नव्हती. राजाने तिची साखळी काढली, भाकरी कुस्करून पुढे ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून तो जमिनीवर बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती लंगडत आली, एकदा गोल फिरली आणि आपली पाठ राजाच्या पाठीला टेकवून बसली.

जेतवन विहारात कोलंब नावाचा एक भिक्खू होता. तो कोणाही सोबत्यावर विश्वास टाकीत नसे आणि धर्मसभेतही खांबाला पाठ लावून बसे. त्याच्यासाठी शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि पात्रांची ओळख करून दिली. "तेव्हाचा वज्रनाभ राजा म्हणजे हा कोलंब. सामा म्हणजे राहुलमाता. दोर वळणारा मी होतो. आणि तिळ्या म्हणजे माझा सेवक आनंद, जो आजही माझ्या मागे दोन पावलांवर चालतो." जो आधी आपली पाठ देतो, त्यालाच पाठीराखा मिळतो. या जन्मी बोधिसत्त्वाने आचरली ती मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता.