पलीकडचे हात

मॉन्ट्रियलच्या उत्तरेला हैतीहून आलेल्या लोकांची वस्ती आहे. तिथल्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये एकांचा विधी चालू असताना दाराशी दुसऱ्यांच्या घरचा एक माणूस मोकळ्या हातांनी उभा असतो. हातात ना फूल, ना छत्री. नवख्याने विचारलं, की वस्तीतली म्हातारी माडाम सेरेस्त त्याला बाकावर बसवून घेते आणि सांगते.

मिर्लांद नावाची एक सून होती म्हणे. शिकलेली, पण जिवाला सदा घोर. तिची सासू गेली. हैतीतल्या नणंदेला व्हिसा मिळेल म्हणून एकोणीस दिवस शव ठेवलं. व्हिसा काही आला नाही, आणि अडलं ते नणंदेवाचूनच. हैतीची रीत अशी, की घरातलं तान्हं मूल शवपेटीवरून पलीकडे द्यायचं, नाहीतर लळा असलेलं माणूस मुलाला न्यायला परत येतं. सासूचा तर नातीवर, सात महिन्यांच्या फाबियोलावर, भारी जीव. पलीकडून तिला घ्यायचा मान नणंदेचा.

मिर्लांदला हे खरं वाटत नव्हतं, आणि खोटं म्हणायची छातीही होत नव्हती.

हॉल दोनच तास मिळालेला. दोन चुलतसासवांची मानावरून जुंपली. एक म्हणे मी थोरली; दुसरी म्हणे, सहा वर्षं तू तिच्याशी बोलत नव्हतीस. मधे पेटी. नवरा आपल्याच बुटांकडे बघत उभा. पोर किंचाळतंय. धाकटीने वर मिर्लांदला टोमणा मारला, "एवढी शिकलीस ना? मग तूच सांग, मान कोणाचा."

तेवढ्यात दार वाजलं. पुढच्या अंत्यविधीच्या घरचा एक म्हातारा आत आला. कुठल्या देशाचा कोण जाणे, टोपी हातात, पार वैतागलेला. त्याची बायको बाहेर गाडीत, तिच्या पेटीत, खोळंबली होती.

"बाई, तुमची वेळ संपून दहा मिनिटं झाली."

मिर्लांदचा धीर सुटला. "मग ती टोपी ठेवा खाली," ती म्हणाली, "आणि हिला धरा."

तो पेटीच्या पलीकडे उभा; तिने पेटीवरून पोर पुढे केलं. म्हाताऱ्याला रीत ठाऊक नव्हती. पोर समोर आलं की कोणीही हात पसरतो, तसे त्याने पसरले. एकोणीस दिवस नीट न निजलेली फाबियोला त्याच्या खांद्यावर झोपली, असं सांगतात. "अगं, परका आहे तो," थोरली कुरकुरली. माडाम सेरेस्त म्हणते, तेच बरं झालं. गेलेलं माणूस रक्ताचा माग काढत येतं. परक्या हातांशी तो माग तुटला. पोर काही गेलं नाही.

म्हाताऱ्याने तिला परत द्यायची घाई केली नाही. घाई तर त्यालाच होती.

आजही त्या हॉलमध्ये सासवा-आत्या मानावरून भांडतात; ते काही सुटलेलं नाही. पण दार वाजलं की गप्प होतात. मग पुढच्या घरचा कोणी एक आत येतो, आपलं रडू आवरतो, आणि पेटीवरून हात पुढे करतो.