समोरून बघायची गाडी

त्या राज्यात नवी वस्तू कोणीच पहिल्यांदा विकत घेत नसे. नव्या वस्तूने आधी दुसऱ्याच्या दारात एक पावसाळा काढावा, ती गंजते का, गळते का, मालकाला रडवते का हे सर्वांनी डोळे भरून पाहावं, आणि मग आपण घ्यावी, अशी तिथली रीत होती. रीतीचा दुसरा भाग असा की वस्तू नेहमी समोरून पाहायची. बाजूने किंवा मागून पाहणं असभ्यपणाचं समजत, कारण खोट असली तर ती तोंडावर दिसतेच, असं तिथे लहानपणापासून शिकवलं जाई.

मग तिथे नवं काही येत तरी कसं असे? त्याची सोय होती. राज्यात एक गाढव होतं. ते भोळं होतं की हौशी यावर मतभेद होते, पण छत्री, शिवणयंत्र, पाण्याचा पंप, सगळं पहिल्यांदा त्याच्याच दारात आलं. सगळे त्याला पोट धरून हसत आणि पावसाळा सरला की गुपचूप तीच वस्तू घरी आणत. एके दिवशी गाढवाला या हसण्याचा वीट आला आणि ते चंबूगबाळं उचलून घाटापलीकडे निघून गेलं. तेव्हापासून राज्यात नवं काही आलं नव्हतं.

खोऱ्यातली सीताफळं घाट चढवून वरच्या बाजारात पोचवण्याचं काम द्वारका नावाच्या साळिंदरिणीकडे होतं. सीताफळ कोणासाठी थांबत नाही. सकाळी त्याचे डोळे उघडले की संध्याकाळपर्यंत त्याचा चिखल होतो. आणि द्वारकाची जुनी गाडी तर हल्ली प्रत्येक वळणावर थांबायची. अर्ध्या घाटात तिचं पाणी उकळे, ती फुसफुसत उभी राही आणि द्वारका तिच्या तोंडात बादल्या ओतत बसे. चिडली की तिचे काटे आपोआप उभे राहत, त्यामुळे राग गिळून हसण्याची सवलत तिला जन्मतःच नव्हती.

यंदा बहर मोठा होता. बागांची मालकीण सगुणा खार हिने तिला स्पष्टच सांगितलं होतं, "आक्का, गेल्या साली निम्मा माल घाटातच सडला. यंदाही सडला तर मी झाडं तोडून टाकणार. मग तुझी गाडी जुनी काय नि नवी काय, भरायची कशानं?"

त्याच सुमारास वेशीबाहेर बगळ्याने दुकान थाटलं. दुकानात एकच ट्रक होता, त्याच वर्षी निघालेल्या डिझेल इंजिनाचा. पांढऱ्या स्वच्छ पोशाखातला बगळा त्याच्या शेजारी एका पायावर उभा राहून गिऱ्हाइकाची वाट पाही. गिऱ्हाईक येत नसे. बघे मात्र रोज येत आणि सगळे ट्रकच्या तोंडासमोर उभे राहत.

"मंडळी, इंजिन या बाजूला आहे," बगळा काकुळतीने म्हणे. "झाकण उघडून दाखवतो. जरा इकडे येता का?"

"आम्ही इथनंच बघतो," नाना घोरपडे म्हणत. "दिवे ठीक दिसतायत."

नाना हे राज्यातले वडीलधारे. ते घोरपडीच्या कुळातले, त्यामुळे एकदा धरलेलं मत सुटणं नाही. द्वारका ट्रक बघायला गेली त्या दिवशीही नाना समोर उभे होतेच.

"याला ठिणगी कुठाय?" त्यांनी बगळ्याला विचारलं.

"याला ठिणगी लागत नाही, नाना. आत हवा इतकी दाबली जाते, इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते. त्यात डिझेल पडलं की आपोआप पेटतं."

"नुसतं दाबून?"

"नुसतं दाबून."

नाना शेपटी आपटून हसले. "दाबल्यावर कोणी पेटतं होय? दाबल्यावर गप बसतं. आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे."

द्वारकाला मात्र हे इंजिन ताबडतोब समजलं. तिचं सारं आयुष्य नानांच्या आळीत गेलं होतं. ती चार पावलं चालून ट्रकच्या बाजूला गेली आणि झाकण उघडून आत डोकावली. गर्दीतून "अगं बाई!" असा आवाज आला. दोघातिघांनी लाजून डोळ्यांवर पंजे ठेवले.

त्यानंतर द्वारकाच्या घरी सल्ल्यांची रीघ लागली. एकाने सांगितलं, डिझेलचा आवाज मोठा असतो, झोप उडते. ज्याने हे सांगितलं त्याचं घोरणं दोन आळ्यांत ऐकू येई. दुसऱ्याने सांगितलं, धूर काळा निघतो. तिसरी म्हणाली, घे बाई, अवश्य घे, फक्त पुढच्या वर्षी घे. सगुणाने तर कहर केला. "माल वेळेत वर गेलाच पाहिजे, आक्का," ती म्हणाली, "पण त्या गाडीत नको बाई. माझी फळं आहेत ती. पहिलटकरणीच्या हाती कशी देऊ?"

"मग न्यायची कशात?" द्वारकाने विचारलं.

"ते तू बघ."

द्वारकाचे काटे उभे राहिले आणि सगुणा सावधपणे दोन फांद्या वर सरकली.

शेवटी नानांनी तोडगा काढला. घाटापलीकडच्या राज्याने हा ट्रक घेतला असेल, तर तिथलं बघून ठरवावं. त्यांच्या दारात काढलेला पावसाळा चालवून घेऊ, एवढी सूट नानांनी मोठ्या मनाने दिली.

द्वारका बहराची पहिली तोडणी जुन्या गाडीत भरून निघाली. गाडी तीनदा उकळली. खिंडीत पोचेपर्यंत मागून गोड, आंबूस वास यायला लागला होता आणि फळ्यांच्या फटींतून रस ठिबकत होता. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा संतापही आला.

खिंडीत मोठी गंमत होती. पलीकडच्या राज्याची सारी मंडळी तिथे दगडांवर ओळीने बसली होती आणि सगळ्यांची तोंडं खाली द्वारकाच्या खोऱ्याकडे होती. एक म्हातारं काळवीट पुढे बसलं होतं.

"काय बघताय, आजोबा?" तिने विचारलं.

"तुमच्याकडं बघतोय. तो नवा ट्रक आलाय न्हवं तुमच्यात? तुम्ही एक पावसाळा वापरा, मग आम्ही घेऊ."

द्वारकाने त्या सगळ्या ओळीवरून नजर फिरवली. मग तिने विचारलं, "आमचं गाढव आलं होतं ना तुमच्याकडे?"

"आलं हुतं की. आमच्या हसण्यालाबी कंटाळलं."

द्वारकाने सडलेला माल तिथेच दरीत ओतला, गाडी उताराला लावली आणि थेट बगळ्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. जुनी गाडी देऊन, वर स्वतःचं घर गहाण टाकून तिने ट्रक घेतला. बगळ्याने आनंदाच्या भरात दुसरा पायही जमिनीवर टेकला.

बातमी तासाभरात राज्यभर झाली. "गाढव मिळालं!" असं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि सगुणासुद्धा चटकन फळं द्यायला तयार झाली, कारण आता रीतीप्रमाणे सगळी जबाबदारी द्वारकाची ठरली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मुख्य तोडणी झाली. कडक, हिरवी, डोळे मिटलेली सीताफळं गवताच्या थरांत नीट रचून द्वारकाने ट्रक भरला. गाडी सुरू केली. इंजिन आधी खोकलं, मग एका लयीत धडधडायला लागलं. उन्हं पडायच्या आत घाट चढून जाऊ, असा तिला अगदी मनापासून विश्वास वाटला, आणि तिचे काटे कित्येक दिवसांनी अंगाला टेकले.

तिने समोर पाहिलं.

रस्त्यावर सारं राज्य बसलं होतं. सतरंज्या अंथरल्या होत्या, डबे उघडले होते, लेकरं मांडीवर घेतली होती. वळणापर्यंत जत्रेसारखी दाटी होती, आणि वळणापुढे पलीकडच्या राज्याची मंडळीही घाट उतरून येऊन बसली होती, काळवीट आजोबांसकट. सगळ्यांची तोंडं ट्रककडे होती. नाना घोरपडे अगदी पुढच्या चाकाला नाक लावून बसले होते.

"नाना, बाजूला व्हा," द्वारका ओरडली.

"बाजूनं बघत नाहीत, द्वारके. तू चालव. आम्ही बघतो."

"तुम्ही उठल्याशिवाय चालवू कशी?"

"हे बघ, चालणारी गाडी असली तर चालेल. आम्हाला नको सांगूस."

तिने भोंगा वाजवला. सगळ्यांनी माना डोलावल्या, भोंगा बरा आहे म्हणाले. तिने विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या, शेवटी हात टेकले. उन्हं वर आली. इंजिन जागच्या जागी धडधडत होतं. मागे, गवताच्या थरात, पहिल्या सीताफळाचे डोळे उघडले आणि त्याचा वास हळूहळू रस्त्यावर उतरला.

नानांनी नाक वर केलं, वास घेतला, आणि समाधानाने मागच्या मंडळींकडे वळून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? जागची हलत नाही."