कथलाची टिकली

या काळ्या दगडावर बसू नका. सावली आहे, जागा चांगली दिसते, ठाऊक आहे मला. पण बाजाराला एवढी गर्दी होते तरी इथे कुणी टेकत नाही. ही खाच कुऱ्हाडीची आहे.

फार जुन्या दुष्काळात समोरच्या टेकडीवर एका सरदारीणबाईंनी गोरगरिबांसाठी वस्ती बसवली, असे सांगतात. तिथल्या दगडखाणीतल्या कामाची मजुरी म्हणून मिळायची मधोमध भोक पाडलेली कथलाची टिकली, आणि ती चालायची फक्त वस्तीतल्या दुकानात. लोकांनी मजुरी दारूत घालवू नये म्हणून ही युक्ती. हेतू चांगलाच होता म्हणे. पण त्या दुकानात ज्वारी होती, मीठ होतं, कापड नव्हतं.

वस्तीतल्या ठकूबाईचा नवरा खाणीत धोंड्याखाली चिरडून मेला. त्याला उघडा जाळायचा नाही, एवढंच तिच्या मनात. टिकल्या मुठीत घेऊन ती बाजारात उतरली. वस्तीबाहेर तिनं कधी काही विकत घेतलंच नव्हतं. टिकली इथे चालत नाही हे त्या बिचारीला कसं कळावं? कापडवाल्यानं खोटं नाणं म्हणून बोंब ठोकली. पाटील मोठा न्यायाचा! वस्तीत माणूस धाडून विचारलंसुद्धा नाही. याच दगडावर तिचा उजवा हात ठेवला आणि मनगटापासून तोडला.

बातमी टेकडीवर पोचली तशी दोनशे माणसं पहारी घेऊन खाली आली. पाटलाचं डोकं याच दगडावर फोडलं. अडवायला आलेले चौघे जागीच मारले, पलीकडची दुकानं पेटवली. कापडवाल्याला शेंडी धरून फरफटत आणलं. पहार उगारली, तेवढ्यात ठकूबाई म्हणाली, "त्येला मारू नगा. माजा मानूस उघडा पडलाय. कापड कोन फाडून देनार?"

तिनं डाव्या हातानं टिकली पुढे केली. त्यानं ती घेतली आणि कापड फाडलं. दिवस मावळायच्या आत रक्त वाहून ठकूबाईही गेली. दुसरं कापड त्यानं कुणी न मागता फाडलं म्हणे.

आजही या गावात मर्तिकाच्या कापडाला पैसे घेत नाहीत, मेलेला पाटील असो की भिकारी. या खाचेतली टिकली उचलायची, डाव्या हातानं दुकानदाराला द्यायची, कापड न्यायचं. संध्याकाळी दुकानदार ती परत इथे आणून ठेवतो. ही वरची टिकली कालची, मीच ठेवली. ते समोरचं दुकान पिढ्यान्‌पिढ्या आमचंच आहे.