आधीच चढवलेले खोगीर

एकदा एक संशयी गृहस्थ आपल्या वृद्ध गुरूंना सोबत घेऊन घोडा विकत घ्यायला निघाला. संशयी म्हणजे किती, तर बाजारात भेंडीचे प्रत्येक टोक मोडून पाहणारा, आणि कोणी पत्ता सांगितला तरी पुढच्या दोघांना विचारून खात्री करून घेणारा. या खेपेस मात्र त्याच्या संशयाला कारण होते. मागच्या वर्षी त्याची तरुण मुलगी एका बुजऱ्या घोड्यावरून पडली होती. हाड सांधले, पण मनातली भीती तशीच राहिली. तिच्यासाठी त्याला इंग्रजी खोगिराला सरावलेला, रपेटीचा शांत घोडा हवा होता. नवा घोडाही बुजरा निघाला, तर मुलगी जन्मात पुन्हा रिकिबीत पाय ठेवणार नाही, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

गावातल्या दोन विक्रेत्यांना तो नाही म्हणून आला. तिसऱ्याच्या अंगणात एक तांबूस घोडा तयारच उभा होता. आयाळ विंचरलेली, पाठीवर चकचकीत इंग्रजी खोगीर. शिष्याने त्याचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, डोळ्यांपुढे हात फिरवला. मग स्वतः बसून दोन फेऱ्या मारल्या. घोडा अगदी गरीब गाय!

"यात खोट सापडत नाही, याचाच मला संशय येतोय," तो गुरूंच्या कानाशी पुटपुटला.

विक्रेता हसला. "साहेब, लहान लेकरू बसलं तरी हलायचा नाही. आजच घेऊन जा. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक यायचंय."

गुरूंनी अद्याप घोड्याला हातही लावला नव्हता. ते म्हणाले, "खोगीर उतरवा. आणि जरा चहा सांगा."

शिष्य बुचकळ्यात पडला. गुरूंनी फुंकर घालत सावकाश चहा घेतला, पीकपाण्याची चौकशी केली. आपण कशाला आलो हेच गुरुजी विसरले की काय, अशी शंका शिष्याला आली. तेवढ्यात कप खाली ठेवून ते म्हणाले, "आता आमच्यासमोर पुन्हा चढवा."

विक्रेत्याचे हसू मावळले. "कशाला उगाच? दमलाय तो."

"दमला असेल तर उत्तमच."

विक्रेत्याच्या नोकराने खोगीर उचलताच घोड्याचे कान मागे गेले. पोटाखालचा पट्टा आवळायला नोकर वाकला, इतक्यात घोडा गर्रकन वळून त्याच्या दंडाला चावायला आला आणि लाथा झाडू लागला. त्याला धरता धरता तिघांच्या नाकी नऊ आले.

परतीच्या वाटेवर गुरू म्हणाले, "अरे, तुला जे जे दाखवलं, त्या प्रत्येक गोष्टीवर तू संशय घेतलास. आपण येण्यापूर्वी काय उरकून ठेवलंय, हे मात्र विचारलं नाहीस. लबाडी करणारा आपल्या डोळ्यांदेखत काहीच करत नाही. ती आधीच करून, हात धुऊन तो हसत उभा असतो."

"वाचलो, गुरुजी!" शिष्याने हात जोडले. "पण आता घाई करायला हवी. रविवारपासून शिकवायला मास्तर येणार आहेत. पोरीचे नवे बूटसुद्धा आणून ठेवलेत."

"ती काय म्हणते?"

"तिला अजून सांगितलंच नाही. घोडा एकदा दारात उभा राहिला, की मग ती नाही कशी..."

पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले.

घरी पोचल्यावर त्याने मुलीला समोर बसवले. "तुला पुन्हा घोड्यावर बसावंसं वाटतं का गं?"

"बाबा, कपाटातले बूट मी पाहिलेत," ती म्हणाली. "तेव्हापासून वाट बघत होते, तुम्ही मला विचाराल म्हणून." तिचे डोळे भरून आले. "नाही वाटत. निदान इतक्यात तरी नाही."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मास्तरांना येऊ नका म्हणून कळवायला तो तसाच बाहेर पडला.